सही हमीपत्रावर, किल्ली देव्हाऱ्यात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी खंडेनवमीला वडिलांपासून चालत आलेली बारा बोअरची दुनळी बंदूक पूजेला काढतात. पाटावर लाल कापड, त्यावर नळी बिजागरीवर मोडून (खाली वाकवून) उघडी ठेवलेली बंदूक, शेजारी कोयता आणि विळा, वरून झेंडूची माळ आणि दस्त्याला हळदकुंकू असा थाट असतो. यंदा पूजा आटोपून आम्ही मोठी माणसे पानावर बसलो असताना आठ वर्षांच्या नातवाने ती बंदूक उचलली, गुडघ्यावर टेकवून नळी खटकन बंद केली, धाकट्या बहिणीच्या दिशेने धरली आणि चाप ओढला. या जातीच्या बंदुकीत नळी मोडली की आतले घोडे, म्हणजे काडतुसावर आघात करणारे भाग, आपोआप चढतात, त्यामुळे ‘टक’ असा स्पष्ट आवाज झाला. नळ्या रिकाम्या होत्या, म्हणून हे पत्र मी आपल्या सदरासाठी लिहू शकतो आहे.

हातातला घास तसाच टाकून मी उठलो, बंदूक काढून घेतली आणि कपाट उघडले. खालच्या खणात, औषधांच्या जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात, चार काडतुसे होती. त्या कपाटाची किल्ली कुठे असते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती देव्हाऱ्यातल्या खिळ्याला असते आणि हा नातू रोज संध्याकाळी आजीला काडेपेटी द्यायला त्याच खिळ्याखाली हात घालतो. म्हणजे मी बंदूक कुलपात ठेवत होतो हे खरे, पण ते कुलूप चोरापुरते होते आणि घरच्या पोरापुरते नव्हते.

वडिलांच्या पश्चात वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करून घेतला, तेव्हा मी रीतसर सर्व कागद दिले होते. २०१६ च्या शस्त्र नियमांपासून अर्जासोबत वैद्यकीय दाखला लागतो आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्रही लागते. माझ्या फायलीतही ते आहे आणि त्यावरची सही माझीच आहे. ‘सुरक्षित’ म्हणजे नेमके काय, हे सही करताना मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. चौकशीला आलेल्या पोलीस हवालदारांनी चहा घेतला, शेजाऱ्यांना दोन प्रश्न केले आणि ते गेले, पण बंदूक कोणत्या खोलीत राहणार आहे हे त्यांनी पाहिले नाही. यात त्यांचा दोष काढण्याचा हेतू नाही, कारण पाहावे असे त्यांना कुठे लिहूनच दिले नसावे.

त्या प्रसंगानंतर गावाकडे, भुदरगड तालुक्यात, ओळखीच्या पाच-सहा परवानाधारकांशी मी मुद्दाम या विषयावर बोललो. बहुतेकांचे परवाने शेतीसंरक्षणाचे आहेत. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येच पीकराखणीसाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे आणि डोंगरपट्ट्यात, राधानगरी-दाजीपूरच्या जंगलालगत, हा उल्लेख किती मोलाचा आहे हे शहरातल्या वाचकाला सांगून पटणार नाही. रात्री उसात डुकरांचा कळप शिरला तर पहाटेपर्यंत गुंठाच्या गुंठा आडवा होतो. गव्यावर गोळी झाडणे हा तर गुन्हाच आहे, तेथे बार हवेत काढून त्याला हुसकवायचे एवढेच हाती असते. या मंडळींचे म्हणणे असे की बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ली तिसऱ्याच ठिकाणी ठेवली, तर जनावर ऊस खाऊन ढेकर देऊन जाईपर्यंत आमची कुलपेच उघडत राहतील. हे म्हणणे मला हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. पण मी त्यांना एकच विचारले. जनावराची चाहूल लागल्यापासून तुम्ही बांधावर पोहोचेपर्यंत किती वेळ जातो? विजेरी शोधायची, अंगावर घोंगडे घ्यायचे, पायताण घालायचे, कोणालातरी सोबत उठवायचे, यात पाच-सात मिनिटे कशी जातात ते कळतही नाही. त्यात कुलपाचे अर्धे मिनिट वाढले तर काय बिघडणार, यावर त्यांतल्या एकाने प्रामाणिकपणे उत्तर दिले की, बिघडत काही नाही, सवय नाही एवढेच.

खरी अडचण दुसरीकडे आहे आणि ती ठासणीच्या बंदुकीची आहे. एकदा दारू आणि छर्रे ठासले की ती सहजासहजी रिकामी करता येत नाही, बार काढला तरच ती मोकळी होते. त्यामुळे ती भरलेलीच खोपीच्या आढ्याला टांगून ठेवण्याची पद्धत आहे. शहाणी माणसे टोपी (घोडा आपटल्यावर ठिणगी पाडणारी छोटी धातूची वाटी) तेवढी काढून ठेवतात आणि बाकीची तेही करत नाहीत. अशा बंदुकीला चापावर बसवायचे कुलूप लावा असे सांगणे उलट धोक्याचे आहे, कारण भरलेल्या शस्त्राला ते कुलूप बसवताना चापच दाबला जाण्याची भीती असते. तेथे उपाय एवढाच की घरी किंवा खोपीत परत आणण्यापूर्वी शिवारातच बार काढून टाकावा, आणि टोप्यांची डबी बंदुकीपासून दूर, कुलपात ठेवावी. एक बार फुकट गेला असे वाटेल. मात्र त्या दारूच्या किमतीचा हिशेब मी इथे मांडत बसत नाही.

दुनळी किंवा एकनळी मोडत्या बंदुकीचे काम याहून सोपे आहे आणि ते मी स्वतः करून पाहिले आहे. सायकलला लावतात तसले, प्लॅस्टिकचे आवरण असलेले केबलचे कुलूप मी आणले. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो, त्यामुळे बोटाएवढी जाड केबल मागच्या तोंडातून घालून पुढून काढता येते आणि दोन्ही टोके बाहेर आणून कुलूप लावता येते. केबल एकाच नळीत असली तरी बंदूक बंद होत नाही, आणि बंद होत नाही म्हणजे ती उडण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र केबल महिनोन्महिने नळीत ठेवून चालत नाही, कारण आवरणाखाली दमटपणा धरतो. मी पंधरा दिवसांनी ती काढतो, नळीत तेलाचा बोळा फिरवतो आणि पुन्हा लावतो.

शहरात पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांचा आक्षेप वेगळा असतो. रात्री चोर आला तर कुलूप उघडत बसायचे का, असे ते विचारतात. नेमका हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००८ साली आला होता. वॉशिंग्टन शहराच्या कायद्याने घरातले शस्त्र रिकामे करून सुटे केलेले किंवा चापाला कुलूप लावलेले ठेवणे सक्तीचे केले होते, आणि स्वसंरक्षणासाठी शस्त्र वापरणेच अशक्य होते म्हणून न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. पण तेथे शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे, तर आपल्याकडे तो अटींवर मिळालेला परवाना आहे, हा फरक विसरून तिकडचा युक्तिवाद इकडे आणता येत नाही. शिवाय त्याच अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९८९ सालीच मुलांच्या हाती शस्त्र लागू देणाऱ्या मालकाला जबाबदार धरणारा कायदा केला. मिशिगनमधील एका शाळेत २०२१ साली पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला, तेव्हा २०२४ मध्ये त्याच्या आईला आणि वडिलांनाही मनुष्यवधाबद्दल किमान दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात पुढे आलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पिस्तुलाबरोबर मिळालेले केबलचे कुलूप घरात होते, पण त्याचे वेष्टनही फोडलेले नव्हते. विक्रेत्याने कुलूप द्यावे असा कायदा करता येतो, पण ते लावायचे काम घरच्यांनाच करावे लागते.

यात आपल्याला बाहेरून काही उसने आणावे लागेल असेही नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, त्याआधी तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी कोल्हापूरचे नाव जगभर नेले. ही मंडळी ज्या खेळात वाढली, त्यात नेमबाजी सुरू नसताना प्रत्येक बंदुकीच्या नळीत भडक रंगाची सुरक्षा-दोरी घातलेली असावी लागते, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसते. बारा-तेरा वर्षांची मुले हे न विसरता करतात. त्याच डोंगरपट्ट्यात आढ्याला भरलेली बंदूक टांगणारे आम्ही वडीलधारे मात्र परवाना खिशात आहे एवढ्यावर निर्धास्त असतो.

माझी जिल्हा प्रशासनाला विनंती मर्यादित आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, म्हणजे पूर्वी तीन वर्षांनी होणारी भेट आता पाच वर्षांनी होते. निदान त्या नूतनीकरणाच्या वेळी तरी हमीपत्रावर कोऱ्या आश्वासनाऐवजी साध्या मराठीत लिहून घ्यावे की शस्त्र कोणत्या कुलपात आहे, काडतुसे वेगळ्या कुलपात आहेत का, किल्ली कोणाकडे असते आणि घरात अठरा वर्षांखालील मुले किती आहेत. चौकशीला येणाऱ्याने ती जागा डोळ्यांनी पाहावी. शेतीसंरक्षणाच्या परवान्याला खोपीची वस्तुस्थिती धरून वेगळ्या सूचना असाव्यात, कारण शहरातल्या फ्लॅटचा नियम डोंगरावर लादला तर तो पाळला जाणार नाही आणि मग बाकीचे नियमही त्याच्याबरोबर कागदावर राहतील. निवडणुकीच्या काळात बंदुका ठाण्यात जमा करून घेण्याची यंत्रणा दर वेळी बिनबोभाट चालते (परत मिळणाऱ्या बंदुकीवरचा गंज हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे). तेव्हा एकेका परवानाधारकापर्यंत पोहोचणे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. जमा केलेली बंदूक परत घेताना प्रत्येकाच्या हाती दोन पानांची मराठी सूचनापत्रिका दिली, तरी पुष्कळ काम होईल.

आमच्या घरापुरते सांगायचे तर काडतुसे आता माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आहेत, केबलच्या कुलपाची किल्ली माझ्या करदोड्याला आहे आणि देव्हाऱ्यातला खिळा मी उपटून टाकला आहे. पुढच्या खंडेनवमीला बंदूक कुलपासकटच पाटावर ठेवायची असे ठरले आहे. कुलपालाही हळदकुंकू लावायचे की नाही, यावर मात्र घरात अजून एकमत झालेले नाही.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी व निवृत्त शिक्षक,
कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)