तपासा म्हणता, पण किती वेळा?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपल्या दैनिकात एक पान प्रसिद्ध होते आणि त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनाचे पान येते. ही दोन्ही पाने मी कापून ठेवते. पहिल्या पानावर मधुमेहाचा उल्लेख नसतो. दुसऱ्यावर मनाचा असतो, पण तो 'ताणतणाव टाळा' एवढ्या दोन शब्दांत आटोपलेला असतो. हे दोन्ही आजार एकाच अंगात नांदत असतील तर काय होते, हे दोन्ही पानांवर लिहायचे राहून जाते. हे पत्र त्याविषयी आहे.

माझे वय ६४. एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात ३३ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले. मधुमेह सतरा वर्षांपासून आहे, थायरॉइड अकरा वर्षांपासून. तिसऱ्या दुखण्याची तारीख मात्र मला सांगता येत नाही, कारण ते दुखणे आहे हेच मुळी कित्येक वर्षे कोणाला, मला स्वतःलाही, उमगले नव्हते. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. मराठीत त्यासाठी मंत्रचळ हा जुना शब्द आहे, पण आपल्याकडे तो बहुधा कोणाची तरी टर उडवायलाच वापरला जातो. नको असलेली शंका मनात उठते, ती शमवण्यासाठी एखादी कृती करावीच लागते, केली की घटकाभर बरे वाटते, आणि त्या घटकाभराच्या सुटकेची चटक लागल्यामुळेच पुढची शंका अधिक जोराने उठते, असे त्याचे चक्र आहे. ज्याला हे होते त्याला आपण करतो आहोत ते निरर्थक आहे हे बहुतेक वेळा कळत असते. कळते पण वळत नाही, एवढेच.

नोकरीत या दुखण्याचे कौतुकच झाले. बेरीज दोनदा तपासणाऱ्याला आमच्याकडे जबाबदार म्हणत आणि पाच वेळा तपासणाऱ्याच्या गोपनीय अहवालात साहेब 'अत्यंत काटेकोर' असा शेरा लिहीत. तो शेरा मला अनेक वर्षे मिळाला. घरी गॅसचे बटण, दाराची कडी आणि हात धुणे ही तीन ठाणी होती. सांगलीच्या गावभागातील घरातून रिक्षाने एसटी स्थानकापर्यंत जाऊन, कुलूप लागले की नाही या शंकेने परत आल्याचे आणि समोरून गाडी निघून गेल्याचे प्रसंग इतके झाले की यजमानांनी तिकिटे आधी काढणेच सोडून दिले. धुण्याच्या बाबतीत तर आमच्या समाजात आडोसा आयताच मिळतो. माझ्या एका आत्याचे सोवळे सगळ्या नात्यात प्रसिद्ध होते. तिच्या हातांची सालपटे निघत असत आणि लोक ते तिच्या निष्ठेचे लक्षण समजत. जी व्यक्ती हयात नाही तिचे निदान करू नये, हे मला समजते. तरीही तिचे ते हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर आठवडाभर आम्ही गाळ उपसत होतो, आरोग्य विभागाच्या सूचना लाउडस्पीकरवरून कानांवर पडत होत्या, आणि हात साबणाने धुवा हे त्या काळात योग्यच सांगणे होते. त्यानंतर सातच महिन्यांत कोरोना आला आणि वीस सेकंद हात धुण्याचा सल्ला देशभर दिला जाऊ लागला. इतरांनी पुढे तो सल्ला गुंडाळून ठेवला. माझ्या हातून ते झाले नाही, कारण वीस सेकंद झाले की एकोणीस ही शंका आली की मी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. मधुमेहात त्वचा आधीच कोरडी पडते. साबणाने ती भेगाळली, बोटांच्या बेचक्यांत बुरशी झाली, आणि 'पायांची रोज तपासणी करा, पाय स्वच्छ ठेवा' हा दवाखान्याच्या भिंतीवरचा अगदी रास्त सल्ला मी दिवसातून आठ-दहा वेळा पाळत असल्यामुळे पायांची बोटे सदैव ओली राहून चिखल्या झाल्या. जो सल्ला पाय वाचवण्यासाठी असतो, त्याच सल्ल्याने माझे पाय बिघडले. सल्ला चुकीचा नव्हता. तो किती वेळा पाळायचा, एवढेच त्यात लिहिलेले नव्हते.

सर्वांत मोठा घोळ झाला तो घरी साखर मोजण्याच्या यंत्राचा. मी इन्सुलिन घेत नाही, गोळ्या घेते. माझ्यासारख्या रुग्णाला आठवड्यातून काही ठरावीक वेळा उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजणे पुरते. मी मात्र दिवसाला बारा वेळा मोजत असे. आता या यंत्राविषयी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि डॉक्टरांनाही सांगायला सवड नसते. त्याच्या अचूकतेसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार साखर १०० किंवा त्याहून अधिक असेल तर प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे दाखवणारे यंत्रही मान्य ठरते. म्हणजे खरी साखर १४० असेल तर यंत्राने ११९ दाखवले काय किंवा १६१ दाखवले काय, ते बिघडलेले नाही. निरोगी मनाच्या माणसाला हा फरक सांगितला तर तो मान डोलावतो आणि विसरतो. मंत्रचळ असलेल्या माणसाच्या हातात असे यंत्र देणे म्हणजे शंकेला खुराक देणे आहे, कारण लागोपाठ दोन वेळा मोजले की आकडे वेगळे येतात, मग खरे कोणते हे ठरवण्यासाठी तिसऱ्यांदा बोट टोचावे लागते, आणि तिसरा आकडा आणखी निराळा येतो.

लेखा विभागातील व्यक्तीने हिशेब लपवू नये, म्हणून तोही सांगते. यंत्रात घालायच्या एका पट्टीला साधारण वीस रुपये धरले तर दिवसाचे २४० आणि महिन्याचे ७,२०० रुपये होत. पन्नास पट्ट्यांची डबी मला चार दिवस पुरत असे. यजमानांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी तीन वेगवेगळ्या औषधांच्या दुकानांतून डब्या आणत होते.

या सगळ्या आकड्यांची मी एक वही ठेवली होती. आडवे-उभे रकाने, लाल शाईने उपाशीपोटीचे, निळ्या शाईने जेवणानंतरचे. मधुमेहासाठी मी ज्या दवाखान्यात जात होते, तेथील डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि 'रुग्ण असावा तर असा' म्हणत शेजारी बसलेल्या दोन रुग्णांना उघडून दाखवली. मला त्या दिवशी शाळेत पहिला नंबर आल्यासारखे वाटले. डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. वहीच ठेवत नाहीत असे रुग्ण ज्यांना रोज भेटतात, त्यांना माझी वही म्हणजे सणच वाटली असणार. परंतु त्या वहीतील आकड्यांकडे पाहताना दिवसाला बारा नोंदी का आहेत, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो पडला तिथल्या सिस्टरला. रक्तदाब घेताना तिने माझी बोटे उलटी करून पाहिली, काळवंडलेली टोके आणि भेगाळलेले तळवे पाहिले, आणि खालच्या आवाजात विचारले, "मावशी, एवढं कशाला टोचता? आणि रोज हात किती वेळा धुता?" सतरा वर्षांत हा प्रश्न मला प्रथमच कोणी विचारला होता, आणि उत्तर देताना मी खरा आकडा निम्मा करून सांगितला.

आपल्याकडे 'संशयाला औषध नाही' असे म्हणतात. या आजारापुरते ते खरे नाही. औषधे आहेत, ती नैराश्यातही वापरली जातात, मात्र मंत्रचळासाठी बहुधा अधिक मात्रेत द्यावी लागतात आणि गुण दिसायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण तिसऱ्या आठवड्यातच गोळ्या बंद करतो. त्यांतील काहींमुळे साखरेत फरक पडू शकतो, म्हणून मधुमेहाच्या आणि मनाच्या अशा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे ठाऊक असावी लागतात. माझ्या बाबतीत औषधांची चिठ्ठी मीच इकडून तिकडे नेत होते. औषधाइतकीच महत्त्वाची एक वर्तनोपचाराची पद्धत आहे. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १९६६ साली तिचे पहिले यशस्वी प्रयोग प्रसिद्ध केले. ज्याची भीती वाटते त्याला स्वतःहून सामोरे जायचे आणि त्यानंतरची नेहमीची कृती करायची नाही, असे तिचे सार आहे. ऐकायला सोपे वाटते. मोरीच्या कठड्याला हात लावून, न धुता, घड्याळाकडे पाहत वीस मिनिटे बसून राहणे हे माझ्या आयुष्यातील सर्वांत अवघड कामांपैकी एक होते. पण अस्वस्थता शिखराला जाते आणि नंतर आपोआप उतरते, हे पुस्तकात वाचून पटत नाही; बसून राहिल्यावरच पटते.

यात घरच्यांना जे करावे लागते त्याविषयी कोणी लिहीत नाही. माझे यजमान सदतीस वर्षे 'बंद आहे गॅस, मी पाहिला' असे मला प्रेमाने सांगत आले. मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांनाच बोलावून सांगितले की हे उत्तर आता द्यायचे नाही, कारण त्या उत्तराची ओढ हा आजाराचाच भाग आहे. गावभागातील एक साधा, कोणाशी वर शब्द न काढणारा माणूस बायकोच्या डोळ्यांत पाणी पाहूनही 'याचे उत्तर मी देणार नाही' म्हणून वर्तमानपत्र उघडून बसतो, तेव्हा त्याला ते किती जड जाते, हे मी पाहिले आहे. पहिले दोन महिने आमच्या घरात बोलणे कमी आणि खुर्च्या सरकवण्याचे आवाज जास्त होते.

साखरेसाठी दोघा डॉक्टरांच्या संमतीने आकडा ठरला: सोमवार आणि गुरुवार, उपाशीपोटी एकदा आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी एकदा. पंधरवड्याला आठ पट्ट्या, दोन जास्तीच्या. शिवाय चक्कर, घाम, थरथर असे काही वाटले तर कधीही मोजायची मुभा. ती लक्षणे म्हणजे काय हे लिहून दिले, जेणेकरून 'वाटले' या शब्दाला मी पळवाट करू नये. पाय रात्री झोपताना एकदा पाहायचे, कोरडे करायचे, बस. बाकी भरवसा तीन महिन्यांच्या सरासरीवर, म्हणजे एचबीएवनसी या तपासणीवर ठेवायचा. दिवसाला बारा वेळा मोजत होते तेव्हा ती सरासरी ७.१ टक्के होती. आठवड्याला चार वेळा मोजू लागल्यावर सहा महिन्यांनी ती ७.० आली. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे वाचून आपले मोजणे कमी करू नये. त्यांना दिवसातून अनेकदा मोजावेच लागते आणि त्यांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचा असतो.

मी बरी झाले आहे, असे म्हणणार नाही. कुलूप अजून दोनदा ओढून पाहते. परंतु पूर्वी या सगळ्यात दिवसाचे चार-साडेचार तास जात, ते आता अर्ध्या तासावर आले आहेत. अशा विचारांत आणि कृतींत दिवसाचा एक तासाहून अधिक वेळ जात असेल तर तो आजार समजावा, ही निदानाची एक प्रचलित खूण आहे. माणसाचा स्वभाव म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये, एवढ्यासाठी ती इथे नोंदवते.

हा प्रश्न एकट्या माझा नाही. निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या आजाराचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले, म्हणजे सव्वाशे माणसांत एक. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. सव्वाशेतील एक हे प्रमाण मधुमेहींना जसेच्या तसे लावले तरी दोन्ही आजार सोबत घेऊन जगणारी माणसे आठ लाखांच्या घरात जातात. ही बेरीज माझी आहे, कोणत्याही संस्थेची नाही. पण मी ती एकदाच केली आहे.

विम्याबद्दलही एक शब्द. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो मे २०१८ पासून लागू झाला, मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. तरतूद चांगली आहे. परंतु मंत्रचळाचा रुग्ण क्वचितच रुग्णालयात दाखल होतो. त्याचा सगळा खर्च बाह्यरुग्ण विभागातील भेटींचा, गोळ्यांचा आणि वर्तनोपचाराच्या सत्रांचा असतो, आणि माझ्या पॉलिसीत त्यांतले काहीही बसत नाही. शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मधुमेहाच्या एकाही दवाखान्यात मी हा क्रमांक भिंतीवर पाहिलेला नाही.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. येत्या १४ नोव्हेंबरच्या पानावर 'नियमित तपासणी करा' असे छापाल, तेव्हा कोणत्या रुग्णाने साधारण किती वेळा, हेही एखाद्या तज्ज्ञाकडून लिहून घ्यावे, आणि त्याहून अधिक वेळा तपासल्यावाचून राहवत नसेल तर ते डॉक्टरांना सांगावे, अशी एक ओळ द्यावी. मधुमेहाच्या डॉक्टरांनी नोंदींची वही पाहताना आकड्यांबरोबर नोंदी किती आहेत तेही पाहावे. एवढा प्रश्न विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. त्या सिस्टरला लागले नव्हते.

माझे नाव व पत्ता सोबत जोडला आहे, पण तो छापू नये ही विनंती. केवळ मधुमेहाविषयी लिहिले असते तर ही विनंती मी केली नसती. पत्र दोनच वेळा वाचून पाठवत आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असल्यास आपण सुधारून घ्याव्यात.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वाचक, सांगली