आपल्या शाळेचे दहा हजार

दि. 16 मार्च 2025

प्रिय दत्ता,

तुझा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही, कारण हे सगळं फोनवर सांगता आलं नसतं. काल, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. हो, मीच अध्यक्ष. हसू नकोस. पालकसभेत कुणी हात वर करेना आणि मी नेमका गुरुजींच्या समोर बसलो होतो.

यंदा शाळेचं अनुदान दहा हजार. गेल्या वर्षी पंचवीस होतं. हिशेब पटावर, म्हणजे लेकरांच्या संख्येवर चालतो: तीसपर्यंत पट असला की 10,000, एकतीस ते शंभरला 25,000. आपला पट 32 वरून 28 वर आला. चार लेकरं पिवळ्या गाडीत बसून इंग्लिश मीडियमला गेली आणि जाताना शाळेचे पंधरा हजार घेऊन गेली. त्यातलं एक माझ्या सख्ख्या भावाचं. त्याच्याशी कोणत्या तोंडाने भांडू? पहिल्या दिवशी पोराला गाडीत बसवायला मीच गेलो होतो.

लाइटबिल काही पट बघून येत नाही. शिवाय पैसे आलेत मार्चमध्ये आणि 31 तारखेच्या आत खर्ची टाकायचे. एक सदस्य म्हणाले, भिंती रंगवू, साहेब आले की नजरेत भरतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात, कायदाच आहे तसा. एरवी त्या सही करून भाकरी टाकायला घरी पळतात. काल मात्र दुसरीतल्या पोरीची आई उठली. म्हणाली, "पोरींच्या संडासाला कडी नाही. एक आत जाती अन् दुसरी बाहेर दार धरून उभी ऱ्हाती. भिंती कुणासाठी रंगवताय?" रंगाचा विषय तिथंच संपला. दार, कडी, पाण्याची टाकी आणि थकलेलं लाइटबिल, एवढ्यात दहा हजार गेले. खडूपण उरला नाही.

खरी वादावादी पुढं झाली. 28 पैकी 11 लेकरांचे आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर आहेत. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह समितीच चालवते. वसतिगृह म्हणजे काय, लेकरं झोपतात आजीपाशी, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण शाळेत. त्याचे पैसे अजून आले नाहीत. किराणा उधारीवर चाललाय आणि दुकानदार म्हणतो, "अध्यक्ष, पाडव्याला खातं मिटवा." एकाने सुचवलं, हंगाम संपतच आलाय, आताच बंद करू. तुला आठवतं का, चौथीत तू दिवाळीनंतर फडावर गेलास तो उन्हाळ्यातच उगवलास? तोपर्यंत भागाकार शिकवून झाला होता आणि तू वर्षभर माझ्या पाटीत बघून गणितं केलीस. मला तेच आठवत होतं. बंद करायचं नाही असं प्रोसिडिंगला लिहून घेतलं. दुकानदाराला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

अंड्यांचंही तसंच. जानेवारीच्या शेवटी शासनाने कागद काढला: पोषण आहारातल्या अंड्यांसाठी आणि साखरेसाठी वेगळे पैसे मिळणार नाहीत, हवं तर लोकवर्गणी काढा. अरे, ज्यांची ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल अजून फिटलेली नाही त्यांच्याकडे वर्गणी मागायची? स्वयंपाकीणबाईंना महिन्याचे अडीच हजार मिळतात, तरी त्याच पहिल्यांदा म्हणाल्या, "माझ्या कोंबडीची चार लावा." मला तोंड वर करवेना.

पट वीसच्या आत जाऊ नये, एवढंच डोक्यात घोळतं. 2023 मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं पत्र निघालं होतं, तेव्हापासून धसका बसलाय. आपली पहिलीतली लेकरं ओढा ओलांडून दुसऱ्या गावाला जातील, हे कागदावर फार सोपं दिसतं.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तुम्ही पुण्यातली मंडळी शाळेला मोठा टीव्ही देणार म्हणताय. रागावू नकोस, पण टीव्ही नको. लाइट कधी कापतील याचा नेम नाही. त्यापेक्षा दर शुक्रवारी 28 अंडी, निदान दिवाळीपर्यंत, एवढं जमतं का बघ. पैसे माझ्याकडे पाठवू नकोस. गुरुजींशी बोल, पावती घे. गाव आपलंच आहे, पण तोंडं फार आहेत.

पाडव्याच्या आत कळव. तुझ्या आईच्या चष्म्याची काच बदलून आणली आहे, काळजी नको.

तुझा,
बाळू