नुसती नक्कल नव्हे

रविवार पुरवणीतील लेखात मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या मंदिरांतले विधी फ्रीमेसनांची, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका बंधुसंघटनेची, ‘निव्वळ नक्कल’ ठरवले आहेत; ते पटले नाही. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ मार्च १८४२ मध्ये अमेरिकेतील नावू येथे फ्रीमेसन झाले आणि मे महिन्यात त्यांनी ‘एन्डाउमेंट’ हा मंदिरातला दीक्षाविधी सुरू केला, हे खरे. हस्तांदोलनाच्या खुणा, अ‍ॅप्रन यांतले साम्यही उघड आहे. स्मिथ यांचे सहकारी हेबर किंबल यांनी त्याच वर्षी पत्रात ते नोंदवले होते. पण या विधीतले प्रक्षालन (अंग धुणे) आणि तैलाभिषेक मॉर्मनांमध्ये कर्टलंड येथे १८३६ मध्येच, म्हणजे सहा वर्षे आधी, होत होते. शिवाय फ्रीमेसनांचे विधिनाट्य सॉलोमनच्या मंदिराच्या कारागिराभोवती फिरते, तर मॉर्मनांचे सृष्टीची निर्मिती आणि आदम-हव्वेभोवती. खुणा उसन्या घेतल्या असतील, कथा मात्र वेगळी आहे. लेखकाने हा फरक निदान नोंदवायला हवा होता.

– एक वाचक, पुणे