आयुष्मान कार्डवर डोळ्यांचा डॉक्टर दाखवतो म्हणून पैसे घेतलेत, त्याबद्दल तक्रार

मॅनेजर साहेब,

काल संध्याकाळी तुमच्या कस्टमर केअरशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं, त्यानंतर हे लिहायला बसलोय. तुमचं ॲप कसं चालतं ते मी सांगायला नको. "सरकारी विमा चालतो" हे बटण तुम्हीच ठेवलंय, ते दाबून पुढं डोळे निवडलं आणि बेळगाव टाकलं की तीन दवाखाने हिरव्या खुणेसकट येतात. त्या हिरव्या खुणेसाठीच मी वर्षाचे ७९९ रुपये भरले.

आम्ही खानापूर तालुक्यातले, मी बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे. आई ६३ वर्षांची, बरीच वर्षं शुगर, आणि उजव्या डोळ्यात मोतिबिंदू. शुगर असल्यामुळं आतला पडदापण तपासून घ्यायला पाहिजे म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुढं न्यायला रेफरलची चिठ्ठी दिली. बीपीएल रेशन कार्ड आहे, आयुष्मान कार्ड आहे, म्हणजे घरामागं वर्षाला ५ लाखापर्यंतचे उपचार. कागदात आमच्याकडनं काही कमी नव्हतं.

पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच सांगितलं की आम्ही योजनेत आहोत पण हाडांसाठी, डोळ्यांचं योजनेत नाही. ठीक आहे म्हणून परत आलो, एक दिवसाचा पगार गेला. दुसरीकडं मात्र जे झालं ते मला विसरता येत नाही. तिथं आधी ४०० रुपये केसपेपरचे घेतले, कार्ड दाखवलं तर "नंतर बघू" म्हणाले, आईच्या डोळ्यात बाहुली मोठी व्हायचे थेंब घातले, तास-दीड तास बसवलं, तपासलं, आणि सगळं झाल्यावर सांगितलं की कार्ड इथं डोळ्याला चालत नाही, रोख भरणार असाल तर तारीख देतो. दुपारचं ऊन, थेंबामुळं तिला डोळे उघडता येईनात, चांगल्या डोळ्यानंपण सगळं धुरकट. पदर डोळ्यावर धरून, माझा दंड घट्ट पकडून ती सीबीटी बसस्टँडपर्यंत आली. बायकांना तिकीट लागत नाही, तरी बसमध्ये ती मला म्हणते, "र्‍हाऊ दे की रं, किती खाडं करशील, एका डोळ्यावर भागवतो मी." हे तिच्या तोंडून ऐकायला लागलं ते तुमच्या हिरव्या खुणेमुळं.

तिसरा दवाखाना तर हद्दीपलीकडचा, महाराष्ट्रातला निघाला. फोन केला तर त्यांनी सांगितलं आमच्याकडं महाराष्ट्र सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचे पेशंट घेतो. आता सीमाभागातल्या ८६५ गावांना ती योजना द्यायचं महाराष्ट्र सरकारनं ठरवलंय हे आम्हाला माहीत आहे, पण ती योजना वेगळी, तिचे कागद वेगळे, आणि आईचं कार्ड आहे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं. तुमच्या ॲपला दोन्ही एकच वाटतात. बेळगावात राहणाऱ्या माणसाला हा फरक कळला नाही तर पूर्ण दिवस वाया जातो, आणि ॲप बनवणाऱ्यांनाच कळत नसेल तर आम्ही कुणाकडं बघायचं?

खरी गोष्ट मला शेवटी सरकारी दवाखान्यात योजनेच्या पेशंटना मदत करायला बसणाऱ्या आरोग्यमित्रांनी पाच मिनिटांत समजावून सांगितली. दवाखान्याला योजनेत घेतात ते विभागावार घेतात. हाडांसाठी, हृदयासाठी, डोळ्यांसाठी नोंद वेगवेगळी. दवाखान्याचं नाव यादीत आहे एवढ्यावर डोळ्याचं ऑपरेशन होत नाही. आणि आपल्या कर्नाटकात इमर्जन्सी सोडली तर खाजगीत जायला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, हेपण तुमच्या ॲपमध्ये एका ओळीनं लिहिलेलं नाही. आमच्याकडं चिठ्ठी होती म्हणून बरं. ज्यांच्याकडं नसेल त्यांना तुम्ही किती ठिकाणी पाठवलं असेल.

आता कालचा फोन. हे नीट वाचा. मी मराठीत किंवा कन्नडमध्ये बोला म्हटलं तर तो मुलगा म्हणाला फक्त हिंदी. बरं, हिंदीत सगळं पहिल्यापासून सांगितलं, तिन्ही दवाखाने, थेंब, ४०० रुपये, सगळं. तो म्हणाला, "सर, हमारे सिस्टम में तो आयुष्मान दिखा रहा है." मी म्हटलं दिसतंय तेच चुकीचं आहे, डोळ्यांसाठी नाही. परत तेच, सिस्टममध्ये दाखवतंय. अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं, गाणं वाजत होतं, आई शेजारी बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. मग तो परत आला आणि म्हणाला, "सर, फ्री में ऑपरेशन चाहिए तो थोड़ा घूमना तो पड़ेगा ना." स्पीकरवर होता फोन. आईला हिंदी फार येत नाही, पण फ्री आणि घूमना तिला कळलं. ती उठून आत गेली. मी त्याला म्हटलं तुझं नाव सांग, तर त्यानं फोन ठेवला आणि पुढच्या मिनिटाला मेसेज आला की आमच्या सेवेला स्टार द्या.

आईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली. कार्ड तिला नियमानं मिळालंय, ती कुणाकडं हात पसरायला गेली नव्हती. आणि तुमच्याकडनं तर काहीच फुकट घेतलं नाही, ७९९ रुपये मी रोख मोजलेत.

मला पैसे परत पाहिजेत, ७९९ आणि केसपेपरचे ४००. डोळ्यांसाठी नोंद नसलेल्या दवाखान्यांवरची हिरवी खूण आजच्या आज काढा. आणि आईला फोन करून मराठीत माफी मागा, मला नको, तिला. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखाच्या आतल्या तक्रारीला फी लागत नाही आणि मी राहतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते, हे मी चौकशी करून ठेवलंय.

आईच्या ऑपरेशनची तारीख आयुष्मानच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला फोन करून आणि आरोग्यमित्रांच्या मदतीनं आम्ही मिळवलीय, पुढच्या मंगळवारची. तुमचा फोन त्याच्या आधी आला तर बरं, त्यानंतर डोळ्यावर पट्टी असताना तिला त्रास देऊ नका.