आप्पांच्या डाव्या बाजूला बसणाऱ्या अक्कांना

अक्का, नमस्कार. झटका आल्यावर आमच्या आप्पांना सांभाळायला तुम्ही कामाला होता, त्याबद्दल हे पत्र. तुमची मुलगी हे वाचून दाखवेल म्हणून मोकळेपणानं लिहितेय. घरात कुणाला झटका आलाय अशा बाकीच्यांनीपण वाचावं म्हणून सगळ्यांसमोरच टाकतेय.

आप्पांचा झटका मेंदूच्या उजव्या बाजूचा, म्हणून डावा हात-पाय गेला, हे सगळ्यांना दिसत होतं. पण आपल्याला डावी बाजू आहे हेच आप्पांच्या ध्यानात राहत नव्हतं, ते फक्त तुम्हाला दिसलं. ताटात उजवीकडची भाकरी आणि शेंगाचटणी संपायची, डावीकडची भाजी तशीच. सगळे म्हणत होते भूक मेलीय, आणि तुम्ही काही न बोलता ताट फिरवलं तर आप्पा परत जेवायला लागले की ओ! मग दाढी. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर खुंट तसेच आणि आप्पा म्हणतात झाली दाढी. तुमच्या सांगण्यावरून फिजिओ मॅडमना विचारलं तर म्हणाल्या याला निग्लेक्ट म्हणतात, डोळे चांगले असतात पण मेंदू त्या बाजूकडं लक्षच देत नाही, आणि उजव्या मेंदूच्या झटक्यात हे बऱ्याच जणांना होतं.

त्यानंतर मॅडमनी सांगितलेली एकही गोष्ट तुम्ही सोडली नाही. ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावली, "आप्पा, लाल दिसेपर्यंत मान वळवा." खुर्ची कायम त्यांच्या डावीकडं. आप्पांची सगळी नोकरी चादरीच्या कारखान्यात गेली, म्हणून जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, मोर कसा उठतो ते तुम्ही डावीकडनं विचारायचा आणि ते सांगायला आप्पांना तिकडं वळावंच लागायचं. असा व्यायाम कुठल्या कागदावर लिहून मिळतो?

आणि पाणी पाजताना तुम्ही त्यांच्या गळ्याकडं बघायचा, पहिला घोट गिळल्याशिवाय दुसरा नाही. नुसतं खाकरले तरी थांबायचा, घास चुकून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो हे मॅडम एकदाच बोलल्या होत्या. जेवण झाल्यावर अर्धा तास ताठ बसवायचं, त्या वेळात फोन वाजला तरी तुम्ही कधी उचलला नाही. उभं आयुष्य विड्या वळल्यात तुम्ही, छाट, म्हणजे नापास विड्या, निघू नये म्हणून एकेक पान बघून घ्यायची ती नजर आप्पांच्या वाट्याला आली, हे आमचं नशीब.

दिवसभर सोबत बसणारी माणसं मिळतात अक्का, पैसे दिले की मिळतात. माणसाकडं असं बघणारं मिळणं अवघड, आणि आप्पांना औषधाइतकाच त्याचा उपयोग झाला असं मला मनापासून वाटतं.

गड्ड्याच्या वेळी, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वज म्हणजे त्या उंच सजवलेल्या काठ्या बघायला आप्पांची व्हीलचेअर तुम्ही मुद्दाम अशी लावली की मिरवणूक डावीकडनं येईल. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ऐकू आलं आणि कुणी न सांगता त्यांनी मान वळवली, सातही नंदीध्वज पुढनं जाईपर्यंत बघत राहिले. आई तिथंच रडली.

आता ते दाढी पूर्ण करतात. डावीकडच्या चौकटीला अजून कधीतरी धडकतात, चालायचंच.

आता तुम्ही दुसऱ्या पेशंटकडं जाताय, त्यांनापण गरज आहे. पण रविवारी या, आई शेंगापोळ्या करणार आहे. आणि पगारावर काही घ्यायला तुम्ही नाही म्हणालात, तरी मुलीच्या नर्सिंगची यंदाची फी आम्ही भरणार, त्यावर बोलायचं नाही.

तुमची,
आप्पांची धाकटी