ध्वज जाळण्याचा गुन्हा : आहे ती शिक्षा पुरेशी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

राष्ट्रध्वज जाळणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. पण त्याची शिक्षा वाढवा, ही अधूनमधून उठणारी मागणी मला मान्य नाही.

राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा १९७१ चा आहे. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी ध्वज जाळला, फाडला, तुडवला तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सनदशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून सरकारवर, अगदी ध्वजावरही टीका केली तर तो अवमान ठरत नाही, असा खुलासा त्याच कलमात आहे. म्हणजे बोलायला कुणी अडवलेले नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ध्वज जाळण्याला अभिव्यक्तीचे संरक्षण दिले. तो दाखला इथे चालणार नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. उद्या बिंदू चौकात कुणी तिरंगा पेटवला आणि पोलिसांच्या हाती कलमच नसले, तर निवाडा जमाव करील. गुन्हा नोंदवून न्यायालयात उभे केले, तर त्या माणसाचा जीव तरी वाचेल.

मग शिक्षा वाढवायला विरोध का? लोक आधीच या कायद्याला नको तिथे घाबरतात. आमच्या सोसायटीच्या कपाटात जुन्या पावतीपुस्तकांमागे एक तिरंगा घडी करून ठेवला आहे. कड उसवलेली, हिरव्या पट्टीवर गंजाचा डाग. जाळला तर केस होईल म्हणून सेक्रेटरी त्याला हात लावत नाहीत. प्रत्यक्षात २००२ च्या ध्वजसंहितेतच लिहिले आहे, की खराब झालेला ध्वज खासगीत, त्याचा मान राखून, शक्यतो जाळूनच पूर्ण नष्ट करावा. हे किती शाळांत, किती मंडळांत माहीत आहे? २०२२ च्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेनंतर तर घरोघरी ध्वज आले. त्यातले विरलेले, फाटलेले आता कुठे जात असतील, या विचाराने खरेच वाईट वाटते.

महापालिकेने १५ ऑगस्टनंतर आठवडाभर विभागीय कार्यालयांत असे ध्वज जमा करून घ्यावेत आणि संहितेप्रमाणे त्यांची व्यवस्था लावावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर