शिमोनाचे हात

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर आई म्हणाली, "आता आमचा कसला नाताळ? नाताळ लहान मुलांचा." बाळ रडायला लागलं म्हणून तेव्हा विषय राहिला, पण मला ते पटलेलं नाही.

बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान काढून बघा. गोष्ट गव्हाणीपासून सुरूच होत नाही. ती सुरू होते जखऱ्या आणि अलीशिबेपासून, म्हणजे वय उतरलेल्या, पोटी मूल नसलेल्या नवरा-बायकोपासून. देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरिया लगबगीने जाते तीही या अलीशिबेकडेच, आणि तिथे तीन महिने राहते. आणि येशूच्या जन्मानंतर? मेंढपाळ आले, मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक आले की आपण पडदा पाडतो. संडे स्कूलच्या नाटकात "जागा नाही" म्हणून हाकलणारा धर्मशाळेचा मालक हमखास असतो. लूकमध्ये तो माणूसच नाही. मंदिरात बाळाला भेटणारे शिमोन आणि हन्ना आहेत, तर त्यांना कुणी पार्ट देत नाही!

आपल्याकडे सव्वा महिना पाळतात, तसे तिथे मुलगा झाला की चाळीस दिवस. ते सरल्यावर योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन यरुशलेमेच्या मंदिरात आले. नियमाप्रमाणे कोकरू द्यायचं. ऐपत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिलं. लूक पक्ष्यांचंच नाव घेतो, कोकराचं नाही. राजांच्या राजाची आई गरिबाचं अर्पण घेऊन उभी होती. तिथे शिमोन पुढे झाला आणि त्याने बाळाला हातांत घेतलं. त्याचं वय लूक सांगत नाही, पण "आता मला शांतीने जाऊ दे" असं तो म्हणतो, त्यावरून समजायचं ते समजतं. हन्ना तर चौऱ्याऐंशीची.

पोटी बाळ आल्यापासून माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं. चाळीस दिवसांच्या बाळाने मान धरलेली नसते. डोक्याखाली तळवा धरला नाही तर मान लगेच मागे कलते. सारं जग तोलून धरणारा म्हणून आपण ज्याची गाणी गातो, त्याची मान त्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या हातावर होती. देव आपल्याला सांभाळतो, असं आपण रोज प्रार्थनेत म्हणतो. इथे तो स्वतःला सांभाळायला देतो, आणि तेही धडधाकट पहारेकऱ्यांकडे नाही. मला नाताळचा अर्थ एवढाच कळतो, आणि तो पुरतो.

बाबा, तुम्ही चित्रकलेचे मास्तर, म्हणून हे खास तुमच्यासाठी. डच चित्रकार रेम्ब्रांट 1669 मध्ये गेला, तेव्हा त्याच्या चित्रशाळेत शिमोनाचं एक अपुरं चित्र होतं. ते आता स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. आदल्याच वर्षी त्याचा तरुण मुलगा टायटस वारला होता. चित्रातल्या शिमोनाचे डोळे जवळजवळ मिटलेले आहेत. हात पुढे ताठ आलेत, बोटांनी बाळाला पकडलेलं नाही. बाळ नुसतं त्या हातांवर आडवं आहे. मोबाइलवर पाठवते, मोठं करून बघा. दिवाळीत "माझे हात थरथरतात" म्हणून तुम्ही नातवाला घेतलं नाहीत, ते मला खूप लागलं.

शिमोन गोड बोलून थांबत नाही, हेही आहे. तुझ्या जिवातून तलवार जाईल, असं तो मरियेला तोंडावर सांगतो. ओलीबाळंतीण ती, आणि तिला हे! इतकं खरं बोलायला वयच लागत असेल. आई, तुझी आठवण झाली.

आम्ही चोवीसला दुपारपर्यंत पोचतो. बाबा, तुम्ही आरामखुर्चीत बसायचं, मांडीवर उशी घ्यायची. डोक्याखाली हात मी धरीन. आणि आई, करंज्या सरळ विकतच्या आण. कॅरलवाली मंडळी मध्यरात्रीनंतर येतात, त्या वेळी त्यांना काहीही चालतं.

तुमची,
ताई